दृष्टिबाधितांसाठी टॅबलेट : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

दृष्टिहीन आणि अल्पदृष्टी असलेल्या व्यक्तींना टॅबलेट वापरताना येणाऱ्या अडचणी कळवाव्यात, असे आवाहन या सदरातून केले होते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ जन्मापासून पूर्ण दृष्टिहीन असून यंदा अकरावीत आहे. वर्गातील मुलांबरोबर त्यालाही एक टॅब मिळाला. घरातले सगळे म्हणतात, की ज्या काचेवर बोटाला लागेल असे एकही बटन नाही, ती याच्या काय कामाची? जुन्या बटनांच्या फोनवर त्याचा हात चांगला बसलेला आहे. टॅब ठेवावा की परत करावा? (एक भगिनी, भुसावळ)

उत्तर : परत करू नका. घरच्यांची शंका मात्र रास्त आहे. २००७ साली पहिला आयफोन आला, तेव्हा त्यात पडदा वाचून दाखवण्याची कोणतीच सोय नव्हती आणि बटने गेली म्हणजे आपला फोनही गेला, अशी धास्ती दृष्टिहीनांना वाटणे स्वाभाविक होते. २००८ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘स्लाइड रूल’ या नावाने एक पद्धत मांडली. काचेवर बोट फिरत असताना खाली काय आहे ते ऐकवायचे आणि ते निवडण्यासाठी वेगळी खूण ठेवायची, म्हणजे न पाहताही सपाट काच चालवता येते, हे त्यांनी दाखवून दिले. पुढच्याच वर्षी ॲपलने आयफोन ३ जीएसमध्ये पडदा वाचून दाखवणारी व्हॉइसओव्हर ही सोय दिली आणि २०१० चा पहिला आयपॅड ती सोय अंगभूत घेऊनच बाजारात आला. अँड्रॉइडवर अशीच टॉकबॅक ही सोय २००९ पासून आहे, परंतु बोट फिरवून पडदा चाचपण्याची सोय त्यात २०११ च्या अँड्रॉइड ४ पासून आली. म्हणजे आपल्या भावाच्या हातातील टॅबमध्ये ही व्यवस्था बहुधा आधीपासूनच आहे. ती चालू तेवढी करायची आहे आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही.

टॅब अँड्रॉइडचा असेल, तर आवाज कमीजास्त करण्याची दोन्ही बटने एकत्र तीन सेकंद दाबून धरावीत. तसे न झाल्यास सेटिंग्जमधील ॲक्सेसिबिलिटी या विभागात टॉकबॅक सापडेल. ते सुरू झाले की काचेचा स्वभावच बदलतो. एकदा स्पर्श केल्याने काहीही उघडत नाही. बोटाखाली जे आहे त्याचे नाव फक्त ऐकू येते. हवे ते नाव ऐकू आले, की काचेवर कुठेही लागोपाठ दोन टिचक्या मारायच्या, म्हणजे ते उघडते. ‘कुठेही’ हा शब्द महत्त्वाचा आहे. नेमक्या त्याच जागी बोट टेकवण्याची गरज नसल्यामुळे नेम चुकण्याचा प्रश्नच उरत नाही. एका बोटाने उजवीकडे झटका दिला, की पुढची गोष्ट वाचली जाते आणि डावीकडे दिला, की मागची. यादी वर सरकवायची असेल तर दोन बोटे वापरावी लागतात. आयपॅडवर त्यासाठी तीन बोटे लागतात.

शिकवताना घरची मंडळी प्रेमापोटी एक गोष्ट करतात, ती टाळावी. मुलाचे बोट धरून ते ‘इथे, इथे’ म्हणत ठिकाणावर नेऊन ठेवले जाते. त्यामुळे बोट तिथे पोहोचते, परंतु वाट त्याच्या ध्यानात येत नाही. टॅब टेबलावर आडवा, हलणार नाही असा ठेवावा. चारही कोपरे त्याला आधी चाचपू द्यावेत, कारण या काचेवर हाताला लागणाऱ्या खुणा म्हणजे तिच्या कडा आणि कोपरे एवढ्याच आहेत. खालच्या कडेपासून बोट हळूहळू वर नेले, की आधी खालची कायमची ओळ लागते, तिच्या वर ॲपच्या ओळी लागतात आणि अगदी वर वेळ व बॅटरी ऐकू येते. हा नकाशा एकदा डोक्यात बसला, की तो झटके देऊन पुढे जाण्याऐवजी थेट जागेवर बोट टेकवू लागेल. टॉकबॅकच्या सेटिंग्जमध्ये सरावाचे धडे दिलेले आहेत, ते त्याने एकट्याने करावेत. आवाजाचा वेग सुरुवातीला कमी ठेवावा आणि सवय होईल तसा वाढवत न्यावा. मुरलेले वापरकर्ते ज्या वेगाने ऐकतात, तो वेग डोळस माणसाच्या कानाला निव्वळ खडखडाट वाटतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पूर्ण दृष्टिहीन व्यक्तीला मोठ्या पडद्याचा म्हणून स्वतंत्र फायदा नाही. उलट मोठ्या काचेवर बोटाला जास्त हिंडावे लागते. आपल्या भावाच्या बाबतीत टॅबचे मोल वेगळे आहे. त्यावर त्याची सगळी पुस्तके मावतात, बॅटरी पुरते आणि त्याला ब्लूटूथचा साधा कीबोर्ड जोडता येतो. काचेवर एकेक अक्षर शोधून अकरावीच्या टिपा काढणे फार जिकिरीचे आहे. कीबोर्ड जोडला, की बटनांच्या फोनवर बसलेला त्याचा हात पुन्हा कामी येईल. शक्य असेल तर पहिला खर्च त्यावरच करावा.

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. माझ्या वर्गात एक दृष्टिहीन विद्यार्थिनी आहे. तिच्या टॅबवर मी माझ्या टिपांच्या पीडीएफ पाठवतो. इंग्रजीच्या टिपा टॅब व्यवस्थित वाचतो, परंतु मराठीच्या टिपा उघडल्या की तो इंग्रजी अक्षरांची अर्थहीन बडबड करतो किंवा गप्प राहतो. टॅबमध्ये दोष आहे का? (एक शिक्षक, चोपडा)

उत्तर : दोष टॅबमध्ये नाही, फाइलमध्ये आहे. आपल्याकडे दृष्टिहीन विद्यार्थ्यांचे सर्वांत मोठे नुकसान आज याच एका कारणाने होत आहे, असे माझे ठाम मत असल्यामुळे हे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

आपण टिपा बहुधा कृतिदेव, शिवाजी किंवा तशाच एखाद्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करत असाल. या फॉन्टमध्ये अक्षर मराठी दिसते एवढेच; फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरे साठवलेली असतात. कृतिदेवमध्ये ‘खानदेश’ हा शब्द टाइप केला, तर आत के, के, यू, एन, एस, के ही इंग्रजी अक्षरे आणि त्यांच्या जोडीला दोन चिन्हे असतात. डोळ्यांना फॉन्टचे चित्र दिसते, म्हणून आपण ‘खानदेश’ वाचतो. स्क्रीन रीडर, म्हणजे टॉकबॅकसारखी पडदा वाचणारी व्यवस्था, मात्र चित्र पाहत नाही, पोटातली अक्षरे वाचतो आणि आपल्या विद्यार्थिनीच्या कानावर ‘के के यू एन एस के’ पडते. छपाईसाठी हे फॉन्ट वर्षानुवर्षे चालले, कारण कागदावर उमटले की काम भागत होते. ऐकणाऱ्याचा विचार त्यात कधीच झाला नाही.

टॅब गप्प राहतो, ती पीडीएफ वेगळ्या जातीची असते. ती छापील पानाचा फोटो काढून किंवा स्कॅन करून तयार केलेली असते. त्यात अक्षरेच नसतात, नुसते चित्र असते. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या वहीच्या फोटोचेही तेच आहे.

उपाय आपल्या हातात आहे आणि तो सोपा आहे. यापुढे टिपा युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, टाइप कराव्यात. संगणकावर मराठी कीबोर्ड सुरू केला, किंवा मोबाइलवर मराठीत टाइप केले, की ते युनिकोडच असते. फाइल पीडीएफ करून पाठवण्याऐवजी वर्डचीच पाठवावी, कारण पीडीएफ करताना युनिकोड मराठीतही काना-मात्रा मागेपुढे होऊन जोडाक्षरे फुटण्याचा धोका असतो. प्रकरणांच्या आणि उपविषयांच्या शीर्षकांना नुसते ठळक न करता वर्डमधील ‘हेडिंग’ ही शैली द्यावी. त्यामुळे विद्यार्थिनीला शीर्षकावरून शीर्षकावर उडी मारता येते. एरवी चाळीस पानांतील एक व्याख्या शोधण्यासाठी तिला सगळी पाने ओळीने ऐकावी लागतात. आपल्याकडे असलेल्या जुन्या फाइलींसाठी फॉन्ट बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात. रूपांतरानंतर रफार आणि ऱ्हस्व वेलांटी तपासून घ्यावी, कारण चुका तिथेच जास्त होतात. स्कॅन केलेल्या पानांसाठी गुगल ड्राइव्हमधील अक्षर ओळखण्याची सोय मराठीलाही चालते. पान सरळ आणि छपाई स्वच्छ असेल, तर निकाल समाधानकारक येतो. हस्ताक्षराच्या बाबतीत त्यावर विसंबू नये.

छापील पुस्तक असे बदलून देणे बेकायदा तर नाही, अशी शंका काही शिक्षकांनी पत्रांत विचारली आहे. २०१२ साली प्रताधिकार कायद्यात दुरुस्ती झाली असून, दिव्यांग व्यक्तीला वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तक तयार करून देण्यास, ते नफ्यासाठी नसेल तर, मुभा आहे. याच विषयावरील माराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयात अशी तयार पुस्तके मिळतात. आपल्या विद्यार्थिनीची तिथे नोंदणी करून घ्यावी आणि एखादे पुस्तक नव्याने तयार करण्याआधी ते तिथे आहे का, हे पाहावे.

प्रश्न : आमच्या आप्पांना काचबिंदू आहे. ते पूर्ण दृष्टिहीन म्हणावे इतके अधू नाहीत, समोरचे थोडे दिसते. पेपर वाचता यावा म्हणून मोठ्यात मोठा टॅब घेतला आणि अक्षरे सर्वांत मोठी करून दिली. तरी ते म्हणतात, की फोनवरच बरे वाचता येत होते. असे कसे? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : आप्पांचे म्हणणे अगदी बरोबर असण्याची शक्यता आहे. अल्पदृष्टी म्हणजे सर्वांना सारखेच अंधूक दिसते, असे नसते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यातही दोन वेगवेगळ्या कसोट्या आहेत. चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ पेक्षा कमी आणि ३/६० पर्यंत असणे ही एक. दृष्टीचा घेर ४० अंशांहून कमी आणि १० अंशांपर्यंत असणे ही दुसरी. काचबिंदूत साधारणपणे घेर कडेने आक्रसत जातो आणि मधली दृष्टी बराच काळ टिकून राहते. अशा डोळ्यासमोर खूप मोठी अक्षरे ठेवली, तर एका नजरेत शब्दाचा तुकडाच मावतो आणि ओळ शोधत मान फिरवत बसावे लागते. फोनवर लहान अक्षरांचा पूर्ण शब्द त्यांच्या घेरात मावत होता.

याउलट, ज्यांच्या डोळ्याच्या पडद्याचा मध्यभाग खराब झाला आहे, त्यांना मोठी अक्षरे खरोखरच उपयोगी पडतात, कारण ते मध्य टाळून कडेच्या दृष्टीने वाचतात. त्यांच्यासाठी मोठा टॅब हे उत्तम साधन आहे.

आप्पांसाठी अक्षरांचा आकार एकेक पायरी कमी करत जावे आणि ज्या आकाराला ते सर्वांत सलग वाचतात, तिथे थांबावे. अक्षर ठळक करणे आणि काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे घेणे, हे दोन्ही करून पाहावे; डोळे दिपण्याचा त्रास असणाऱ्यांना पांढराशुभ्र पडदा सोसत नाही. पडदा भिंगासारखा मोठा करण्याची सोय, म्हणजे मॅग्निफिकेशन, त्यांना लेख वाचायला वापरू नये. त्यात ओळीचे टोक पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीला पडदा आडवा सरकवावा लागतो. अक्षराचा आकार सेटिंग्जमधून वाढवला, तर ओळी नव्याने आखल्या जातात आणि पडद्याच्या आतच राहतात. टॅब स्टँडवर उभा ठेवावा, दिवा खांद्यामागून यावा, खिडकी समोर नसावी. टॅब डोळ्यांजवळ धरून वाचल्याने काचबिंदू वाढत नाही. थेंब मात्र एकदाही चुकवू नयेत.

डोळे दमले, की पान ऐकण्याचीही सोय आहे. अँड्रॉइडवर ‘सिलेक्ट टू स्पीक’ सुरू केले, की बोट ठेवलेला मजकूर तेवढा वाचला जातो आणि बाकी टॅब नेहमीसारखाच चालतो. आयपॅडवर त्यासाठी दोन बोटे वरून खाली ओढायची असतात. अल्पदृष्टी असलेल्या व्यक्तीला पूर्ण टॉकबॅक शिकण्याची सक्ती करू नये, आणि दृष्टी पुढे आणखी कमी होईल असे डॉक्टरांनी सांगितले असेल, तर थोडेफार दिसते आहे तोवरच ते हळूहळू शिकवावे.

प्रश्न : लहान मुलीने टॅबशी खेळताना काहीतरी दाबले आणि तो प्रत्येक गोष्ट बोलू लागला. आता काहीच उघडत नाही, पानही सरकत नाही. बिघडला का? (नंदुरबार)

उत्तर : बिघडलेला नाही, टॉकबॅक सुरू झाले आहे. आवाजाची दोन्ही बटने तीन सेकंद एकत्र दाबून धरावीत. बंद न झाल्यास सेटिंग्जवर एकदा बोट ठेवून मग दोन टिचक्या माराव्यात, दोन बोटांनी पान सरकवावे आणि ॲक्सेसिबिलिटीत जाऊन टॉकबॅक बंद करावे.

प्रश्न : मी दृष्टिहीन असून केळीच्या बागेत घरच्यांबरोबर काम करतो. टॅब शिकलो आहे, पण माझ्या दोन टिचक्या कितीदा तरी लागतच नाहीत. शहरातल्या मित्राच्या त्याच टॅबवर लागतात. (रावेर तालुका)

उत्तर : ही काच दाबामुळे चालत नाही, बोटातील सूक्ष्म विद्युतभारामुळे चालते. कष्टाने घट्टे पडलेल्या, कोरड्या कातडीतून तो भार काचेपर्यंत नीट पोहोचत नाही आणि केळीचा चीक बोटावर वाळून बसला असेल, तर आणखीच अडतो. चीक खोबरेल तेलाने काढून, हात साबणाने धुऊन, कोरडे करून मगच टॅब हाताळावा. बोटाच्या टोकाऐवजी पेराचा मऊ भाग टेकवावा, त्याने काचेवर जास्त जागा व्यापली जाते. पडद्यावर जाड काच चिकटवलेली असेल तर ती काढून पातळ लावावी. काही कंपन्यांच्या टॅबमध्ये स्पर्शाची संवेदनशीलता वाढवण्याची सोय सेटिंग्जमध्ये असते, तीही पाहावी. दोन टिचक्यांमध्ये फार अंतर पडत असेल, तरीही त्या दोन वेगवेगळ्या मानल्या जातात.

उन्हाळ्याबद्दलही लिहितो, कारण आपल्याकडे पारा ४० अंशांच्या वर सहज जातो आणि आयपॅडसारख्या यंत्रासाठी कंपनीने वापराची मर्यादा ३५ अंश सांगितली आहे. तापलेला टॅब चार्ज होणे थांबवतो, मंदावतो, कधी बंदही पडतो. डोळस माणसाला पडद्यावरची सूचना दिसते. आपल्याला मात्र तो अचानक मुका झाल्यासारखा वाटेल. बागेत नेताना तो कापडात गुंडाळून सावलीत ठेवावा.

प्रश्न : मी दृष्टिहीन असून नोकरी करतो. बँकेचे ॲप उघडले की पिन टाकण्याच्या पानावर टॉकबॅक प्रत्येक आकड्याला नुसते ‘बटन, बटन’ म्हणते. पुढे चित्रातली अक्षरे ओळखून लिहायला सांगतात. दरवेळी पिन दुसऱ्याला सांगावा लागतो. यावर काही इलाज आहे का? (धुळे)

उत्तर : पिन दुसऱ्याला सांगावा लागणे, ही आपली गैरसोय आहेच, शिवाय आपल्या पैशाच्या सुरक्षिततेशी झालेली तडजोडही आहे. ॲप तयार करणाऱ्याने प्रत्येक बटनाला आतून नाव द्यायचे असते. ते नाव पडद्यावर दिसत नाही, पण स्क्रीन रीडर तेच वाचतो. ते दिले नाही, की आपल्याला ‘बटन’ एवढेच ऐकू येते. हे काम अवघड नाही, आणि म्हणूनच ते न होणे मला अक्षम्य वाटते. साध्या ॲपमध्ये अशा निनावी बटनाला टॉकबॅकच्या मेनूतून किंवा व्हॉइसओव्हरमध्ये दोन बोटांच्या दोन टिचक्या मारून धरून ठेवल्यावर आपण स्वतः नाव देऊ शकतो. मात्र पिनचे आकडे दरवेळी जागा बदलत असतील, तर तो उपाय चालत नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे. २०१६ च्या कायद्याचे कलम ४२ माहिती-तंत्रज्ञानाच्या सुलभतेविषयी आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असा निर्णय दिला. दृष्टिहीन आणि ॲसिडहल्ल्यातील पीडित व्यक्तींना ऑनलाइन केवायसी करताना येणाऱ्या अडचणींविषयीचे ते प्रकरण होते. तक्रार करताना या निर्णयाचा उल्लेख अवश्य करावा.

तक्रार मोघम असली, की तिचे काही होत नाही. ‘ॲप अंधांना चालत नाही’ असे लिहिण्याऐवजी कोणते पान, तिथे कोणते बटन, त्यावर बोट ठेवल्यावर टॉकबॅक नेमके काय बोलले आणि काय बोलायला हवे होते, ॲपची आवृत्ती कोणती, टॅबचे मॉडेल कोणते, हे सगळे लिहावे. पडद्याचे आवाजासह रेकॉर्डिंग जोडता आले तर उत्तम. त्यात खरा पिन येणार नाही, याची काळजी घ्यावी. तक्रार आधी बँकेकडे लेखी करून तिचा क्रमांक घ्यावा. ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडेही दाद मागता येते. तोवर टॅबवर ब्राउझरमधून बँकेचे संकेतस्थळ उघडून पाहावे. ब्लूटूथ कीबोर्डवरून आकडे टाइप करता आले, तर पिन कोणालाही सांगावा लागणार नाही. इयरफोन लावल्याशिवाय पैशाचे कोणतेही काम करू नये. नोटा ओळखण्यासाठी रिझर्व्ह बँकेचे ‘मनी’ हे ॲप १ जानेवारी २०२० पासून मोफत उपलब्ध आहे.

प्रश्न : आमच्या मोठ्या मायची दृष्टी गेली आहे. ती फक्त अहिराणी बोलते. मुले सुरत-पुण्याला असतात. टॅबला बोलून फोन लावायला तिला शिकवले, पण तिचे बोलणे त्याला कळत नाही. (साक्री तालुका)

उत्तर : बोलून आज्ञा देण्याची सोय मराठी, हिंदी आणि इंग्रजी समजते, अहिराणी तिला येत नाही. मायच्या तोंडी या वयात परकी वाक्ये बसवण्याचा आग्रह धरू नये. त्याऐवजी पडदा साफ करून त्यावर फक्त चार गोष्टी, चार कोपऱ्यांत ठेवाव्यात : वरच्या दोन कोपऱ्यांत दोन मुलांचे फोन, खालच्या एका कोपऱ्यात नातवाचा आणि उरलेल्या कोपऱ्यात व्हॉट्सॲप. कोपरा हाताला आपोआप सापडतो. टॉकबॅक सुरू असल्याने नाव ऐकू येईल आणि दोन टिचक्यांत फोन लागेल. कोपरा हाताला सहज लागावा, यासाठी टॅबच्या कडेला मेणकापडाचा किंवा रबराचा लहान ठिपका चिकटवावा. मुलांनी टाइप करून निरोप पाठवण्याऐवजी अहिराणीतच बोलून पाठवावेत. मुलाने किंवा नातवाने अहिराणी मजकूर देवनागरीत लिहून पाठवला, तर मराठी आवाज तो वाचतो, परंतु उच्चाराची ढब मराठी येते आणि तिला तो परका वाटेल.

प्रश्न : टॅब विकत घेताना दुकानात काय पाहावे? आयपॅडच घ्यावा का? (शहादा)

उत्तर : पैसे देण्याआधी दुकानातच टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर सुरू करावे. आयपॅडवर होम बटन, किंवा ते नसल्यास वरचे बटन, तीनदा दाबून व्हॉइसओव्हर सुरू करता येते. त्याआधी सेटिंग्जमध्ये तो शॉर्टकट लावावा लागतो. स्पर्श केल्यावर आवाज लगेच येतो की रेंगाळत येतो, ही खरी परीक्षा. रेंगाळत असेल तर तो टॅब कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. आवाज उशिरा आला, की बोट पुढे गेलेले असते आणि माणूस चुकीची गोष्ट उघडतो. मराठी आवाज उतरवून घेऊन इंटरनेट बंद केल्यावरही तो बोलतो का, ते तपासावे, कारण गावाकडे रेंज जाते. बोटाच्या ठशाने उघडणारा टॅब मिळाल्यास तो निवडावा. आवाजाची बटने हाताला स्पष्ट लागली पाहिजेत. आयपॅडचा व्हॉइसओव्हर अधिक घडीव आहे, हे खरे. तरीही शाळा, घर आणि मित्र सगळे अँड्रॉइडवर असतील, तर अडल्यावर मदत कोणाकडून मिळेल, याचाही विचार करावा. दिव्यांग प्रमाणपत्र किंवा युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) असल्यास केंद्राच्या ॲडिप योजनेतून सहायक साधने मिळतात. खरेदीआधी जिल्ह्याच्या दिव्यांग सक्षमीकरण कार्यालयात किंवा समाजकल्याण विभागात चौकशी करावी.

प्रश्न : आमची मुलगी आठ वर्षांची असून पूर्ण दृष्टिहीन आहे. टॅब सगळेच वाचून दाखवतो, तर आता ब्रेलसाठी तिला निवासी शाळेत ठेवण्याची गरज आहे का? (पाचोरा)

उत्तर : निवासी शाळेचा निर्णय आपण घरची परिस्थिती पाहून घ्यावा, पण ब्रेल मात्र कोणत्याही स्थितीत सोडू नये. ऐकून मजकूर कळतो, लेखन कळत नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला जवळपास सारखेच लागतात. वेलांटी पहिली की दुसरी, हे तिच्या बोटाखाली ब्रेल आले तरच तिला ठरवता येईल. परिच्छेद कुठे संपतो, अवतरणचिन्ह कुठे लागते, गणितात कंस कुठे उघडतो, हे नुसत्या ऐकण्यातून पक्के होत नाही. जे मूल फक्त ऐकून वाढते, त्याला पुढे स्वतःच्या हाताने एक शुद्ध अर्ज लिहिणेही जड जाते.

टॅब आणि ब्रेल एकमेकांच्या आड येत नाहीत. आयपॅडवर २०१४ पासून आणि अँड्रॉइडच्या टॉकबॅकमध्ये २०२० पासून काचेवरच ब्रेलमध्ये लिहिण्याची सोय आहे. टॅब टेबलावर सपाट ठेवायचा, दोन्ही हातांची तीन-तीन बोटे टेकवायची आणि ब्रेलरवर, म्हणजे ब्रेल टाइप करण्याच्या यंत्रावर, दाबतो तसे सहापैकी त्या त्या अक्षराचे ठिपके एकत्र दाबायचे. मोठ्या काचेचा पूर्ण दृष्टिहीन मुलीला खरा उपयोग होतो तो इथे, कारण फोनवर सहा बोटे दाटीवाटीने बसतात. ज्याच्या पृष्ठभागावर ठिपके वरखाली होतात, असा ब्रेल डिस्प्ले टॅबला ब्लूटूथने जोडता येतो आणि पडद्यावरचा मजकूर बोटाने वाचता येतो. तो महाग असल्याने वैयक्तिक खरेदीऐवजी शाळेमार्फत मागणी करावी.

आठव्या वर्षी आधी ब्रेलची पाटी आणि कलम, मग ब्रेलर आणि त्यानंतर टॅब, हा क्रम मला योग्य वाटतो. टॅब आताही घरात असू द्या. गोष्टी ऐकायला, गाणी लावायला ती तो वापरेल आणि काचेची ओळख होईल. जवळच्या शाळेत समावेशित शिक्षणासाठी नेमलेले विशेष शिक्षक आठवड्यातून किती तास येतात आणि त्यांना ब्रेल येते का, हे दोन प्रश्न गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी विचारावेत. उत्तर समाधानकारक असेल, तर मुलीला घरी ठेवूनही ब्रेल शिकवता येईल.